क्लचवरचा ठोकळा

जुनी मोटार पुन्हा उभी करणाऱ्या लोकांत दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, गाडी कारखान्याच्या दारातून ज्या रूपात बाहेर पडली त्याच रूपात ती पुन्हा दिसली पाहिजे. रंग तोच, काच तीच, फार काय, बॉनेटखालचा स्क्रूही तोच. दुसरा म्हणतो, गाडी माझी, पैसे माझे आणि दुखणारी पाठही माझीच. मला हवी तशी बैठक मी बसवीन. दोन्ही पंथांची माणसे स्वभावाने भली असतात. फक्त त्यांना एका पंगतीला बसवू नये.

आमच्या मानपाड्यात हा वाद जरा जोरात चालतो. (ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक घोडबंदर रस्त्यावरचा, दुसरा आमचा, डोंबिवलीचा. मूळ मानपाडा कोणता, हा प्रश्न आम्ही रिक्षावाल्यांवर सोपवला आहे.) त्याला कारणही तसेच आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मूळ कारखाना कुर्ल्याला असला, तरी एक कारखाना इथे कल्याण-शीळ रस्त्यावरही होता. १९९० नंतरच्या दशकात प्यूजो ३०९ ही गाडी तिथेच तयार झाली. तो सारा भाग आता उंच इमारतींनी भरून गेला आहे. पण ज्यांची हयात मोटारींच्या सांगाड्यांत गेली, अशी माणसे अजून आमच्या आसपास आहेत.

त्यांतले एक काका आमचे शेजारी. त्यांच्या वडिलांची १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट त्यांनी दुरुस्तीला काढली आहे. त्या काळी फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे गाडी घरात आली की ती घरातल्या माणसासारखीच वागवली जाई. काका कट्टर पहिल्या पंथाचे. त्यांचे चिरंजीव तितकेच कट्टर दुसऱ्या पंथाचे. मुलाला हवे आहे नव्या गाडीचे इंजिन, जमिनीवरचा गिअर, डिस्क ब्रेक आणि एअरकंडिशनर.

“बाबा, तुम्ही गाडी दुरुस्त करताय की देव्हारा?” तो विचारतो.

“देव्हाराच समज,” काका म्हणतात. “देव्हाऱ्यात कोणी पंखा लावत नाही.”

असे चालले असता एके दिवशी मिस्त्रीने पायाखालचा मॅट उचलला, तो क्लचच्या पेडलला चामड्याच्या पट्ट्याने बांधलेला एक लाकडी ठोकळा निघाला. काकांची आई अंगाने ठेंगणी. सीट कितीही पुढे घेतली तरी क्लच तळापर्यंत दाबला जाईना, म्हणून काकांच्या वडिलांनी सुताराकडून तो करवून घेतला. आणि त्या ठोकळ्याच्या बळावर ती माउली मोटार चालवायला शिकली. “हा काढून टाकू ना, साहेब?” मिस्त्रीने विचारले. नियमाप्रमाणे काकांनी ‘काढ’ म्हणायला हवे होते. ते संध्याकाळी आमच्याकडे आले. “प्रोफेसर,” ते म्हणाले, “मूळ म्हणजे नक्की काय हो?”

मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीतले काय कळणार! पण हा प्रश्न आमच्याच धंद्यातला निघाला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. मधल्या तीनशे वर्षांत नकलकारांनी आणि हौशी भक्तांनी तिच्यात पुष्कळ भर घातली होती. ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणारा अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवतो, असे नाथांनी शेवटी स्पष्ट बजावले आहे. त्यांना काका निश्चित आवडले असते! पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम सुरू केले, ते १९६६ मध्ये पुरे झाले. त्यांची रीत थोडी निराळी. निवडलेला पाठ वर छापायचा, पण गाळलेले पाठभेद फेकायचे नाहीत. ते खाली टिपांत जपायचे.

गाड्यांचीही गंमत अशी की, त्यांची मूळ संहिता कारखानाच बदलत असतो. १९५४ पासून आलेल्या आरंभीच्या फियाट ११०० ची पुढची दारे उलटी उघडत. मुंबईने तिचे नाव डुक्कर फियाट ठेवले. १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७४ मध्ये ती पद्मिनी झाली. गिअरचा दांडा वर्षानुवर्षे स्टिअरिंगच्या खांबाला होता. शेवटच्या काळात काही पद्मिनींना खुद्द कारखान्यानेच तो जमिनीवर दिला. म्हणून जमिनीवरचा गिअर हा सरसकट अधर्म नव्हे. १९६८ च्या गाडीत मात्र तो प्रक्षिप्त.

आणि टॅक्सीचे काय? २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाची वीस वर्षे भरल्यामुळे २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अशी एखादी टॅक्सी उद्या कोणी जतन करायला घेतली, तर टपावरचा कॅरिअर आणि डाव्या अंगाचे बाहेरचे मीटर उतरवून ठेवायचे काय? यांतले कारखान्याने काही दिले नव्हते. पण ते काढले की टॅक्सी उरत नाही, नुसती मोटार उरते.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये तुरीन येथील सनदेत नेमके हेच मान्य केले आहे. वाहन नित्य वापरात असताना त्यात झालेले बदल ही त्याच्या इतिहासाची साक्ष आहे, ती जपावी, असे सनद सांगते. आज नवे काही घालायचेच तर मूळ वस्तूला धक्का न लावता, पुन्हा काढता येईल असे घालावे आणि त्याची नोंद ठेवावी. म्हणजे भांडारकरी टिपाच की!

आपले सरकार मात्र काकांच्या पंथाचे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. पण तो घेतला की रोजचा वापर बंद. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. ज्या गाडीतून आई भाजीला जात असे, तिला भाजी आणायला मनाई! हा मूळपणा आम्हाला काही समजला नाही.

मुलाचे सारेच म्हणणे आम्ही खोडून काढले नाही. सीटबेल्ट बसवावेतच, कोवळी नातवंडे त्या गाडीत बसणार आहेत. एअरकंडिशनरही एक भोक न पाडता बसत असेल तर खुशाल बसवावा, उद्या कोणाला काढावासा वाटला तर काढेल. पण १०८९ सीसीचे ते इंजिन उपटून दुसरे घालणे आणि गिअरसाठी तळाचा पत्रा कापणे याला आमचा सक्त विरोध. कापलेला पत्रा पुन्हा उगवत नाही. आणि तेही मनावर घेतले, तर कागदपत्रांचे झेंगट आहेच. कारखान्याने ठरवलेले मूळ स्वरूप मनाला येईल तसे बदलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे.

ठोकळा राहिला. चामड्याचा पट्टा कुजला होता, तो काकांनी नवा करून घेतला आणि जुना पाकिटात घालून गाडीच्या कागदपत्रांत ठेवला, वर तारीख घालून. आता भांडण रंगावर आले आहे. डॅशबोर्डमागे खरवडले तेव्हा खाली फिकट करडा लागला, त्यावर पांढरा, त्यावर निळा. काका करड्यावर अडून आहेत. मुलाला निळा हवा, कारण त्याला आठवते ती आजी निळ्या गाडीतून उतरणारी. निकाल दिवाळीनंतर.