सव्वा तासाचं अंतर



आमची लेक ठाण्याला असते. लग्न झालं तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "आई, इंदूर-मुंबई विमानाने सव्वा तास. हाक मार, आलेच!" मलाही ते इतकं पटलं होतं की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तेच ऐकवायचे.

गेल्या हिवाळ्यात रात्री अकराला ह्यांच्या छातीत दुखू लागलं. मी आधी लेकीला फोन केला. शेजारी नंतर आठवले! त्या वेळी निघायला विमान नव्हतं. ती पहाटे चारला घरून निघाली, साडेसहाच्या विमानात बसली आणि पावणेनऊला दवाखान्यात पोहोचली. घर ते दवाखाना पावणेपाच तास. माझ्या फोनपासून मोजले तर पावणेदहा.

हे बरे होऊन घरी आल्यावर दोघं हिशेब करत बसले. दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर जेमतेम ५०५ किलोमीटर. रस्त्याने तेच सहाशेच्या घरात जातं, आणि रात्रीची रेल्वे रतलाम-वडोदऱ्यावरून फिरून येते म्हणून तिला बाराएक तास लागतात. विमान ताशी आठशे किलोमीटरने उडतं, मग पाऊण तासही लागू नये! पण तो वेग उंचावर गेल्यावरचा. चढायला आणि उतरायला वेळ जातो, वाटही अगदी सरळ नसते. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दी असली की विमान आकाशात घिरट्या घालतं. आणि सामान द्यायचं तर खिडकी तासभर आधी बंद होते, म्हणून घरून निघायचं त्याच्याही आधी.

म्हणजे 'सव्वा तास' खोटा नव्हता. तो फक्त विमानाचा होता, आमचा नव्हता.

त्या रात्री ह्यांना गाडीत घालून बारा मिनिटांत दवाखान्यात नेलं ते शेजारच्या मुलाने. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्याच्याशी माझं वर्षभरात "काय रे, बरा आहेस ना?" यापलीकडे बोलणं नव्हतं, याची आता लाज वाटते.

लेक रडत म्हणाली, "आई, मी खोटं बोलत होते का गं?" मी म्हटलं, "नाही बाळा. तू येतेस, हे खरंच आहे. पण तू येईपर्यंत कोण, हे मला बघायला हवं होतं."

आता घराची एक किल्ली शेजारी असते. ह्यांच्या औषधांची यादी आणि रिपोर्टांची फाईल दाराजवळच्या कपाटात असते, आणि ती कुठे आहे हे त्या मुलाला ठाऊक आहे. रविवारी तो पोह्यांना येतो. जलेबी तोच आणतो.

तुमचीही मुलं पुण्या-मुंबईला असतील, बंगळूरला असतील. विमानाची वेळ तुम्हाला तोंडपाठ असेल. पण तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?