दोन फोन आणि एक निवाडा

दिवाळीच्या खरेदीवरून आमच्या घरात दोन तट पडले. चिरंजीवांचा आग्रह २०२५ साली आलेल्या गॅलॅक्सी एस२५ अल्ट्राचा, तर कन्यारत्नाचा हट्ट २०२४ च्या आयफोन १६ प्रोचा. बाजारात आले तेव्हा दोन्हींची किंमत लाखाच्या पलीकडे. तेव्हा निवाडा करणे मला भागच होते.

पुरावे मांडले. गॅलॅक्सीचा पडदा ६.९ इंचांचा, आयफोनचा ६.३. गॅलॅक्सीचे वजन २१८ ग्रॅम, आयफोनचे १९९. गॅलॅक्सीच्या पोटात एक लेखणी दडलेली, शिवाय सात वर्षे नव्या आवृत्त्या पुरवण्याचे वचन. आयफोन मात्र मुठीत नीट बसतो. चार्जिंगची तार दोघांना एकाच जातीची चालते. तो वाद आपोआप मिटला.

"अहो, पण फोन घ्यायचाय कोणाला?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

आम्ही तिघेही चपापलो. फोन तिच्यासाठी होता, पैसेही तिनेच साठवलेले. आणि तिला कोणी विचारलेच नव्हते!

"रात्री आईशी बोलताना तिचा चेहरा स्पष्ट दिसावा, एवढंच मला हवंय."

चिरंजीवांनी लगेच मोठ्या पडद्याची बाजू उचलली. ती म्हणाली, "पडदा कितीही मोठा आण. चेहरा धूसर येतो तो आईच्या जुन्या फोनमुळे. चित्र तिथूनच निघतं ना?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. अखेर त्याच पैशांत मध्यम किमतीचे दोन फोन आले. एक आमच्याकडे राहिला. दुसरा घेऊन चिरंजीव आजोळी गेले आहेत. आज रात्री आठ वाजता बोलणे ठरले आहे. सौभाग्यवती सातपासूनच तयार आहेत.