सेवाव्रतींच्या सुरक्षेचे काय?

१९८९ साली महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि पनवेलजवळच्या कामोठ्याला रुग्णसेवेचे केंद्र म्हणून ओळख मिळाली. कामोठ्याचे मोठे रुग्णालय असो वा आडगावचे आरोग्य केंद्र, तेथे राबणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि सफाई कामगारांच्या हाती रोज जी सुई येते, तीच एखाद्या बेसावध क्षणी त्यांच्या बोटात शिरू शकते. या धोक्याचा विचार समाज क्वचितच करतो.

एचआयव्हीबाधिताच्या रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता हजारात सुमारे तीन असते. कावीळ-बची लस न घेतलेल्यास त्या रोगाचा धोका मात्र शंभरात तीसपर्यंत जातो. म्हणजे गांगरून जाण्याचे कारण नाही. पण बेफिकिरीही परवडणारी नाही. जखम साबण-पाण्याने धुवावी, शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत औषधे सुरू करावीत व ती २८ दिवस न चुकता घ्यावीत, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग बहुतांशी टळतो.

औषध आहे, पण वेळेवर सांगण्याचे धैर्य कोठून आणायचे? शिकाऊ डॉक्टरला वरिष्ठांच्या बोलण्याची धास्ती असते, तर कंत्राटी सफाई कामगाराला नोकरी जाण्याची. कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचली, तर ती कोणाला टोचली होती हेही त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते. मग जखम लपवली जाते आणि मोलाचे तास निघून जातात.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, प्रशिक्षण व प्रतिबंधक औषधे पुरविण्याचे बंधन रुग्णालयांवर घातले आहे. सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकाव्यात आणि कर्मचाऱ्यांना कावीळ-बची लस द्यावी, असे २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम सांगतात. ही कवचे कंत्राटी कामगारापर्यंत पोहोचतात का, हे प्रत्येक व्यवस्थापनाने स्वतःला विचारावे.

बाधित रुग्णाला दूर लोटणे हा यावरचा उपाय नव्हे. संसर्गानंतरचे काही दिवस चाचणीतही तो दिसत नाही. म्हणून प्रत्येकाचे रक्त धोक्याचे मानून सर्वांशी सारखीच खबरदारी घेणे, हेच शास्त्रशुद्ध आणि माणुसकीचेही.

मधुमेहाचे इंजेक्शन घरी घेतले जाते, त्या कुटुंबांनीही सुई जाड झाकणबंद डब्यात साठवून वेगळी द्यावी. उघडी टाकलेली सुई कचरा वेचणाऱ्या भगिनीच्या हातात रुतते. सेवेला आपण परमधर्म म्हणतो. मग सेवेकऱ्याच्या जिवाची काळजी वाहणे, हा त्या धर्माचाच भाग नव्हे काय?