खुर्चीला मुदत हवी

प्लेगच्या धास्तीने सप्टेंबर १९९४ मध्ये लाखो लोकांनी सुरत सोडले. पुढच्याच वर्षी महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी सुमारे दोन वर्षांत त्या शहराचा कायापालट केला. कचरा उचलला गेला, अतिक्रमणे हटली, हे सर्वांना दिसले. त्याहून मोलाचे काम मात्र कार्यालयाच्या आत झाले. त्यांनी विभागांच्या प्रमुखांना खर्चाचे व निर्णयाचे अधिकार दिले आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी वस्त्यांमध्ये फिरायला लावले. राव गेले तरी ही घडी बरीचशी टिकली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसह देशात पहिले आले.

महाराष्ट्रात उदाहरणांची वाण नाही, सातत्याची आहे. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखीना यांनी १९८० च्या दशकात दप्तराचे वर्गीकरण करून ते सहा गठ्ठ्यांत लावण्याची ‘सहा गठ्ठा’ पद्धत घालून दिली. शासनाने ती उचलून धरली, कर्मचाऱ्यांना शिकवली. तरीही २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांना ‘झिरो पेंडन्सी’ मोहिमेत तेच गठ्ठे नव्याने बांधून घ्यावे लागले. नियम चांगला असला की अधिकारी कोणीही चालतो, असे मानणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर नाही. वरिष्ठ रोज विचारत राहिले, तरच खालच्या टेबलावर पद्धत रुजते, आणि रुजायला वेळ लागतो.

तो वेळ देण्याची हमी राज्याने २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्यात दिली आहे. पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षे आणि एका टेबलावर फाइल जास्तीत जास्त सात कामाचे दिवस, या दोन्ही तरतुदी एकाच कायद्यात आहेत, हे फार समजून केलेले आहे. आपणच किती दिवस आहोत हे ज्याला ठाऊक नाही, तो सात दिवसांचा हिशेब कोणाकडे मागणार? मुदत पक्की झाली तर कामचुकारांना संरक्षण मिळेल आणि लोकनियुक्त सरकारचे हात बांधले जातील, हा आक्षेप गंभीर आहे. पण कायद्याने ती वाट बंद केलेली नाही; लेखी कारणे नोंदवून मुदतपूर्व बदली करता येते. दुखणे हे की अपवादासाठी ठेवलेली ही वाट रोजच्या वापराची झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान कार्यकाळ आणि नागरी सेवा मंडळाचा आग्रह धरला, तो याच रोगावर. मुख्यमंत्र्यांनी यापुढे प्रत्येक मुदतपूर्व बदलीची कारणे आदेशासोबतच जाहीर करावीत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.