शिडी माळ्यावर जाण्याआधी

दिवाळी तोंडावर आली आहे. येत्या आठ दिवसांत घरोघरी शिडी, नाहीतर डगमगणारं स्टूल निघेल. डोक्याला फडकं बांधून कुणीतरी जळमटं काढेल, पंख्याची पाती पुसेल. माझी कळकळीची विनंती एवढीच: वर चढलेल्या माणसाच्या एका हातात केरसुणी असेल, तर दुसऱ्या हातात एक एलईडी बल्ब द्या. शिडी एकदा माळ्यावर गेली की पुढच्या दिवाळीपर्यंत खाली येत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

‘आमच्याकडे कधीच एलईडी लावलेत,’ असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीतसुद्धा एका एलईडी बल्बला तीनशेच्या वर रुपये मोजावे लागत. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, घाऊक खरेदीने किंमत झपाट्याने उतरली आणि या योजनेतून देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. आपण हॉल बदलला, स्वयंपाकघर बदललं आणि काम झालं असं धरून चाललो. उरले ते कोपरे: देवघर, न्हाणीघर, जिना, मागचा ओटा, गोठा. जिथे पाहुणा जात नाही तिथला जुना बल्ब कुणाच्या डोळ्यावर येत नाही आणि बरेचदा रात्रभर जळतो तो तोच.

आमच्या देवघरात वर्षानुवर्षं लाल झिरोचा बल्ब होता. झिरो, म्हणजे शून्य वॅट, म्हणजे फुकट, अशी घरात सगळ्यांची समजूत. एका रात्री मी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचाही प्लग काढला, एक झिरो तेवढा चालू ठेवला आणि बॅटरी घेऊन मीटरपाशी जाऊन उभा राहिलो. मीटरवर बारीक अक्षरांत ३२०० हा आकडा छापलेला आहे. त्यातला तांबडा ठिपका इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. ठिपका सव्वा मिनिटाला एकदा लुकलुकत होता. हिशेब मांडला, तर पंधरा वॅट आले! शून्य हे नाव पडलं ते जुन्या, चकतीच्या मीटरमुळे. एवढ्याशा भाराने ती चकती जेमतेम हलायची, त्यामुळे बिलात काही दिसायचं नाही. आताच्या मीटरला मात्र सगळं दिसतं.

रोज रात्री दहा तास धरले, तर हा ‘शून्य’ वर्षाला ५५ युनिटं खातो. रात्रंदिवस चालू असेल, तर १३०. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प त्याच दहा तासांत वर्षभरात दोन युनिटंही घेत नाही. शंभराच्या नोटेत तो येतो आणि सुटे पैसे परत मिळतात. महावितरणच्या घरगुती दरात महिन्याच्या पहिल्या शंभर युनिटांपुढचं युनिट जवळपास दुप्पट महाग पडतं. आपल्या घराला शंभरीच्या पलीकडे ढकलणारी युनिटं बहुधा अशीच, कोपऱ्यातून आलेली असतात.

आईचा आक्षेप होता. ‘देवाजवळ तो दवाखान्यातला पांढराफटक उजेड नको रे.’ तिचं खरं होतं. दुकानदार न विचारता ‘कूल डे लाइट’ हातात ठेवतो. ‘वॉर्म व्हाइट’ मागा. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असेल, तर तो समईच्या जवळचा पिवळसर उजेड. तो लावल्यावर तिने काही म्हटलं नाही, म्हणजे पसंत पडला.

आता साठ वॅटचा जुना काचेचा बल्ब. त्यातली टंगस्टनची तार तापून लाल-पिवळी होते, तेव्हा कुठे उजेड पडतो. दहातल्या नऊ हिश्श्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. कोंबडीपालन करणाऱ्याला विचारा. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांना ऊब मिळावी म्हणून तो असलेच बल्ब टांगतो. त्याने ते जरूर ठेवावेत. आपण मात्र ऐन वैशाखात तीच शेगडी न्हाणीघरात पेटवतो आणि मग घामाघूम होऊन पंख्याखाली बसतो. तेवढाच उजेड नऊ वॅटच्या एलईडीत मिळतो.

आकाशकंदिलाचंही तेच. वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत साधारण अठरा रात्री, बारा-बारा तास साठचा बल्ब जळला, तर १३ युनिटं. नऊ वॅटला दोन. शिवाय तापलेल्या काचेला कागद टेकला की कंदील करपतो, कधी पेटतोही. मुलांनी चार दिवस खपून चिकटवलेल्या करंज्यांची तरी कीव करा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना वेगळी विनंती. जिन्यातल्या जुन्या चाळीस वॅटच्या ट्यूबला लोखंडी चोक असेल, तर ती पन्नास वॅटच्या पुढे जाते. तिच्या जागी वीस वॅटची एलईडी पट्टी लावली, तर रोज बारा तासांच्या हिशेबाने एका ट्यूबमागे वर्षाला १३० युनिटं वाचतात. चोक आणि स्टार्टर मात्र वायरमनला बोलावूनच काढा.

दुकानात उभे असाल तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा. वॅट म्हणजे उजेड नव्हे, उजेड लुमेनमध्ये मोजतात. साठ वॅटच्या जागी आठशेच्या आसपास लुमेन हवेत. भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) नोंदणी चिन्ह आणि ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे पाहा. एलईडीतला दिवा सहसा जात नाही, त्याच्या बुडाशी असलेलं सर्किट उष्णतेने जातं. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी कोंडू नका. बिल जपून ठेवा आणि बल्बच्या बुडावर लावल्याची तारीख पेनाने लिहा, म्हणजे वॉरंटीत बदलून मागताना वाद होत नाही.

काढलेले सीएफएल आणि ट्यूब कचऱ्यात फेकू नका, त्यांत पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुटलीच, तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, झाडू न मारता पुठ्ठ्याने काचा गोळा करा आणि ओल्या फडक्याने जागा पुसा.

एका बल्बने काय होणार, हा प्रश्न येतोच. आपली बरीचशी वीज आजही चंद्रपूर, कोराडी, परळी अशा ठिकाणी कोळसा जाळून होते. एका युनिटला अर्ध्या किलोहून जास्त कोळसा लागतो. म्हणजे देवघरातला तो ‘शून्य’ निव्वळ रात्रीचा जळला, तरी वर्षाला तीस किलोच्या वर कोळसा संपवतो. त्याची राख आपल्या अंगणात पडत नाही, ती औष्णिक केंद्रांजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला येते. एसी, गीझर, फ्रिज यांच्यापुढे दिवे किरकोळ आहेत, हे मान्य. पण एसी बदलायला पंचवीस-तीस हजार लागतात, बल्ब बदलायला शंभरेक रुपये आणि पाच मिनिटं.

तेव्हा आजच कागद घ्या. प्रत्येक खोलीत, ओट्यावर, जिन्यात फिरून जुना दिवा दिसेल तो टिपा. येत्या रविवारी, शिडी उभी असतानाच, सगळे बदला. भाड्याच्या घरात असाल तरीही बदला, जाताना काढून नेता येतात. शेजारच्या एकट्या आजींना वर चढता येत नसेल, तर त्यांचा एक बदलून या. दिवा बंद ठेवून, थंड झाल्यावर हात लावा, एवढी काळजी घ्या.

आणि काम झालं की रात्री सगळं बंद करून, देवघरातला नवा दिवा तेवढा ठेवून मीटरपाशी उभे राहा. मी वीस मिनिटं उभा होतो. तांबडा ठिपका एकदाही लुकलुकला नाही. शेवटी डासांनी फोडून काढलं, म्हणून आत आलो.