तारेपेक्षा टोक मोठे

घर बांधताना किंवा दुकानाचे नूतनीकरण करताना फरशीच्या रंगावर आठ-आठ दिवस खल होतो. भिंतीच्या आत काय जायचे आहे, हा प्रश्न मात्र वायरमनवर सोपवून घरधनी मोकळा होतो. गिलाव्याखाली जे झाकले जाते ते डोळ्यांना दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचा खर्च अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापला जातो. या काटकसरीची परतफेड पुढे किती महागात पडते, हे समजून घेण्यासाठी चित्र वाहून नेणाऱ्या केबलचे उदाहरण पुरेसे आहे.

बाजारपेठेतील एखादे कापडाचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर सुरक्षिततेसाठी आतल्या खोलीत ठेवायचा आणि त्याचे चित्र गल्ल्याजवळच्या टीव्हीवर दिसायचे, अशी योजना ठरते. वायरमन नेहमीच्या सवयीने भिंतीत पाऊण इंची पाइप टाकतो. त्यावर गिलावा होतो, पुट्टी होते, रंगाचे दोन हात होतात. पाडव्याचा मुहूर्त चार दिवसांवर येतो, एचडीएमआय केबल विकत आणली जाते आणि मग लक्षात येते की तार पाइपात सहज मावते, पण तिचे टोक पाइपाच्या तोंडातच अडते.

यात गूढ काही नाही. हा साध्या मापाचा हिशेब आहे. पाऊण इंची म्हणून ओळखला जाणारा पाइप बाहेरून सुमारे २० मिलिमीटरचा असतो. आतली पोकळी त्याहून कमी. एचडीएमआयच्या टोकाचे धातूचे तोंड जवळजवळ १४ मिलिमीटर रुंद असते आणि त्यामागचे प्लॅस्टिकचे आवरण २० मिलिमीटरच्या घरात जाते. शिवाय हे टोक ताठ असते. तार वळणावर वाकते, टोक वाकत नाही. म्हणून सरळ पाइपातून कसेबसे सरकलेले टोकही पहिल्याच काटकोनात रुतून बसते. १९८७ साली आलेल्या जुन्या व्हीजीए केबलची स्थिती याहून कठीण होती. तिचे पंधरा पिनांचे, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेले टोक तीन सेंटिमीटरांहून रुंद असे. प्रोजेक्टर बसवलेल्या अनेक सभागृहांत ती केबल भिंतीवरून उघडीच फिरवलेली दिसते, त्याचे एक कारण हेच.

विजेच्या तारेला, टेलिफोनच्या तारेला किंवा कॅमेऱ्याच्या केबलला ही अडचण येत नाही, कारण तिथे तार आधी ओढली जाते आणि टोक नंतर बसवले जाते. एचडीएमआयच्या टोकात मात्र १९ जोड असतात. आतल्या बारीक तारा जोडीजोडीने पिळलेल्या आणि आवरणात गुंडाळलेल्या असतात. त्यांतील अंतर व पीळ कारखान्यात काटेकोर राखलेला असतो. म्हणून टोक कापायचे, तार ओढायची आणि पुन्हा तारेला तार जोडून चिकटपट्टी गुंडाळायची, हा उपाय येथे चालत नाही. चित्र लुकलुकते, ठिपके पडतात किंवा पडदा काळाच राहतो, आणि नवी केबलही हातची जाते.

दुसरा उपाय छिन्नीचा. मुहूर्ताच्या घाईत ‘जरा भोक मोठे करून द्या’ असे सांगितले जाते. विटांच्या भिंतीत हे बेताने करता येते. परंतु वाटेत काँक्रीटचा बीम किंवा कॉलम आला, तर तिथे छिन्नी लावणे म्हणजे एका तारेसाठी साऱ्या इमारतीशी खेळणे होय. सळई उघडी पडली की तिला गंज चढतो आणि वरच्या मजल्यांचा भार पेलणारा अवयव दुबळा होतो. बाजारपेठेतील जुन्या इमारतींत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या घाईत काय पणाला लागते ते कळते. अशा ठिकाणी अभियंत्याच्या लेखी संमतीखेरीज काहीही फोडू नये. भार वाहणाऱ्या विटांच्या भिंतीतही उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक षष्ठांशाहून खोल नसावी, असा बांधकामातील संकेत आहे.

तिसरा उपाय सर्वांत मोहक आणि म्हणूनच सर्वांत टाळण्याजोगा : शेजारी विजेचा मोठा पाइप आहेच, त्यातूनच ही केबल ओढावी. विजेची तार आणि चित्राची तार एका पाइपात कधीही नसाव्यात. विजेच्या तारेचे आवरण सोलले गेले तर २३० व्होल्टचा दाब थेट टीव्हीच्या आणि रेकॉर्डरच्या अंगावर येऊ शकतो, आणि त्यांना हात लावणाऱ्या माणसाच्याही.

मग योग्य मार्ग कोणता? काम सुरू होण्यापूर्वी पाइपाचे माप तारेच्या जाडीवरून न ठरवता सर्वांत मोठ्या टोकावरून ठरवावे. एका एचडीएमआय केबलसाठी किमान सव्वा इंची, म्हणजे ३२ मिलिमीटरचा पाइप घ्यावा. दोन-तीन केबल जायच्या असतील तर दीड इंची. काटकोनी एल्बो टाळून लांब वळणाचा बेंड वापरावा आणि पाइपात नायलॉनची दोरी ओवून ठेवावी. चार इंची भिंतीत एवढा पाइप पुरण्याचा हट्ट धरू नये. तिथे रुंद केसिंग-पट्टी भिंतीवरून नेणे अधिक शहाणपणाचे. केबल ओढण्यापूर्वी ती दोन्ही यंत्रांना जोडून तपासावी. टोकावर कागद व चिकटपट्टी गुळगुळीत गुंडाळावी, दोरी टोकाला न बांधता मागच्या तारेच्या आवरणाला बांधावी आणि अनेक केबल असल्यास त्यांची टोके मागेपुढे ठेवावीत, म्हणजे ती एकाच ठिकाणी अडत नाहीत.

गिलावा होऊन गेला असेल आणि भिंतीत पाऊण इंची पाइपच असेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. त्यातून कॅट-६ ची तार ओढावी, तिला टोके नंतर बसवावीत आणि दोन्हीकडे एचडीएमआयचे रूपांतर करणारी छोटी पेटी लावावी. एचडीबेसटी पद्धतीच्या चांगल्या पेट्या १०० मीटरपर्यंत चित्र नेऊ शकतात. लांब अंतरासाठी तांब्याच्या साध्या एचडीएमआय केबलपेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो. पेट्यांना विजेची जोडणी लागते, तेवढी सोय आधी पाहावी. दुसरा पर्याय काचतंतूच्या केबलचा. तिच्या काही प्रकारांत मोठे टोक सुटे होते आणि आतले लहान टोक अरुंद पाइपातून जाते. मात्र या केबलची एक बाजू यंत्राची व दुसरी टीव्हीची असते. ती उलट ओढली गेली तर सारे श्रम वाया जातात.

व्यापारी कुटुंबांना हा विषय हिशेबाच्या भाषेत अधिक चटकन पटेल. भिंतीतील पाइप हा भांडवली खर्च आहे आणि केबल हा चालू खर्च. पहिली एचडीएमआय प्रणाली २००२ च्या अखेरीस आली. तिने व्हीजीएची जागा घेतली आणि तिच्या स्वतःच्याही नव्या आवृत्त्या येत राहिल्या. केबल दर काही वर्षांनी बदलणारच. पाइप मात्र इमारतीइतका टिकतो. जी वस्तू लवकर जुनी होते तिच्या मापाने कायमची वस्तू घेणे, हे जमाखर्चाच्या कोणत्याही नियमात बसत नाही. पाऊण इंची आणि सव्वा इंची पाइपांच्या किमतीतील फरक, भिंत पुन्हा फोडून पुन्हा रंगवण्याच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ असतो.

आणखी एक नुकसान कोणत्याही खातेवहीत नोंदले जात नाही. भिंत फोडण्याचा खर्च कोणी द्यायचा, या एका प्रश्नावर मालक आणि वर्षानुवर्षे काम करणारा वायरमन यांच्यात दुरावा येतो. ‘सांगितले होते’ आणि ‘सांगितले नव्हते’ याला साक्षीदार नसतो. म्हणून अंदाजपत्रकातच पाइपाचे माप, बेंडचा प्रकार आणि आत ठेवायची दोरी लिहून घ्यावी. गिलाव्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी लावून, छायाचित्र काढावे आणि ते घराच्या कागदपत्रांत जपून ठेवावे. पुढच्या पिढीला खिळा कोठे ठोकू नये, हेही त्यावरून कळेल.

उधारीच्या व्यवहारात शब्दाला जितका मान, तितकाच नोंदीला मान देणारी ही घराणी आहेत. पेढीवरची ती शिस्त भिंतीच्या आतल्या कामालाही लावली, तर पाडव्याच्या पूजेच्या दिवशी दुकानात सिमेंटची धूळ उडणार नाही आणि काम करून गेलेला वायरमनही त्या पूजेला प्रसन्न मनाने येईल.