टाळेबंदी तपासणीला, गाठीला नव्हे!

२४ मार्च २०२०च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. रेल्वे थांबली, बाजार ओस पडले, मंदिरांची दारे मिटली. कोरोनाला रोखण्यासाठी समाजाने ते कष्ट शिस्तीने सोसले. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु त्याच काळात आणखी एक दार बंद झाले. ते बंद होण्याची आवश्यकता नव्हती आणि बंद झाल्याचे फारसे कोणाच्या ध्यानातही आले नाही. ते दार होते स्तनाच्या कर्करोगाच्या पूर्वतपासणीचे. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रीला बोलावून तपासायचे आणि रोगाने डोके वर काढण्यापूर्वीच त्याला पकडायचे, हे या पूर्वतपासणीचे काम.

या बंद दाराची नोंद पुढे आकड्यांत झाली. राष्ट्रीय कर्करोग जालाशी संलग्न असलेल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केली. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर, म्हणजे निम्म्याहूनही खाली आली होती. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या. आणि पूर्वतपासणी? ७० टक्क्यांहून अधिक केंद्रांत ती पूर्णपणे थांबली होती, किंवा नेहमीच्या पाव हिश्शाहून कमी चालू होती. ज्या ६० हजार रुग्णांची नोंद झाली नाही, त्यांचा कर्करोग काही टाळेबंदीचे नियम पाळून घरी बसला नव्हता. तो वाढतच होता.

हे आपोआप घडले नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्याविषयी सूचना काढल्या. त्यांत कर्करुग्णांच्या उपचारांची दखल होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु वस्तीपातळीवरील पूर्वतपासणी मात्र पुढे ढकलता येण्याजोग्या कामांत गणली गेली. उपचार अत्यावश्यक, पण रोग शोधणे अत्यावश्यक नाही, हे कोणते तर्कशास्त्र? जो रोग सापडलाच नाही, त्यावर उपचार कोणता करणार? सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून ही चूक झाकण्याचे कारण नाही. आपल्या माणसाची चूक आपणच आधी सांगायची असते.

यावर तज्ज्ञांचे एक उत्तर ठरलेले असते. ही तपासणी काही वर्षांच्या अंतराने करायची असते, मग दोन-तीन महिने मागेपुढे झाल्याने काय बिघडते? प्रश्न वरवर रास्त आहे. परंतु थांबवण्याच्या आदेशाला तारीख असते, पुन्हा सुरू करण्याच्या आदेशाला नसते. टाळेबंदी उठली, पण आरोग्यसेविका कोरोनाच्या कामातून मोकळ्या झाल्या नाहीत. पाठोपाठ २०२१ची दुसरी लाट आली. शिवाय जिला गाठ लागली होती आणि पुढील चाचणीसाठी बोलावले होते, तीही याच रांगेत अडकली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला चार आठवड्यांचा विलंब झाला, तर मृत्यूची जोखीम सुमारे ८ टक्क्यांनी वाढते, असे नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दिसले. दोन-तीन महिन्यांचा हिशेब या मापाने करावा.

दुसरा आक्षेप संसर्गाचा. त्याला परळने कृतीने उत्तर दिले. टाटा स्मारक रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या ऐन टाळेबंदीत ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या. शस्त्रक्रियेनंतर एकही रुग्ण दगावला नाही. जिथे माणसाला भूल देऊन तासन्‌तास शस्त्रक्रिया करता येते, तिथे मुखपट्टी बांधून, वेळ ठरवून, एका वेळी एकाच स्त्रीची दहा मिनिटे तपासणी करता येत नाही, असे म्हणणे निव्वळ आळसाचे आहे.

खरी अडचण दृष्टीची आहे. पूर्वतपासणी म्हटली की आपल्या विद्वानांच्या डोळ्यांपुढे मॅमोग्राफीचे महागडे यंत्र उभे राहते, कारण पाश्चात्त्य देशांत तसे असते. यंत्र बंद पडले की तपासणी बंद! इंग्लंडमध्येही मार्च २०२० पासून काही महिने ही सेवा जवळपास ठप्प होती. परंतु भारताची वाट निराळी आहे आणि ती भारतीय डॉक्टरांनीच शोधली आहे. टाटा स्मारकाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत एक प्रयोग आरंभला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हाताने तपासणी झाली. तपासणाऱ्या कोणी विशेषज्ञ नव्हत्या. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग अलीकडच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंत तशी घट आढळली नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु न वीज, न यंत्र, केवळ दोन प्रशिक्षित हात एवढे करू शकतात, तर महामारीत चालू ठेवण्यास याहून सोयीची सेवा कोणती?

हात तर दारापर्यंत पोहोचलेही होते! सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. पथके घरोघरी गेली. ताप मोजला, प्राणवायूची पातळी पाहिली, मधुमेहासारख्या सहव्याधींची नोंद केली. त्याच उंबऱ्यावर उभ्या असलेल्या गृहिणीला, ‘ताई, छातीत कुठे गाठ लागते का?’ एवढा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता? दिल्लीत एका पक्षाचे सरकार, मुंबईत दुसऱ्यांचे. स्त्रीच्या आरोग्याचा विसर पडण्यात मात्र दोघांचे एकमत!

गुलाबी फितीवाल्यांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. दर ऑक्टोबरात पंचतारांकित सभागृहांत गुलाबी दिवे लागतात आणि छायाचित्रे छापून येतात. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनतपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया १०० मागे एकही भरत नाहीत. प्रमाण आहे ०.९ टक्के. ३० वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची तपासणी करण्याचे शासकीय धोरण २०१६ पासून कागदावर आहे. म्हणजे महामारीने भरलेले ताट हिरावले असे नव्हे. ताटात पडलेला पहिला घासच काढून घेतला.

मात्र केवळ सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. ‘आमची आई कधी दुखण्याला शरण गेली नाही, सगळे अंगावर काढले,’ असे आपण अभिमानाने सांगतो. स्त्रीला शक्ती म्हणून वंदन करणाऱ्या घरात तिच्या दुखण्याला मात्र शेवटचा क्रमांक मिळतो. त्यातच हा रोग असा कपटी, की आरंभीची गाठ बहुधा दुखतच नाही. जे दुखतच नाही, ते ती सांगणार तरी कशाला? आणि लाजेपोटी कोणाला सांगणार? भारतात २०२० या एका वर्षात या रोगाचे सुमारे १ लाख ७८ हजार नवे रुग्ण आणि ९० हजार मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे. त्या प्रत्येक आकड्यामागे कोणाची तरी आई आहे.

म्हणून पुढची महामारी येण्याआधी तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत. पहिली, पूर्वतपासणी, निदान पन्नाशीपुढील स्त्रियांसाठी तरी, अत्यावश्यक सेवांच्या यादीत लेखी असावी. दुसरी, अपरिहार्यपणे ती थांबवावी लागलीच, तर थांबवण्याच्या आदेशातच पुन्हा सुरू करण्याची तारीख लिहिलेली असावी आणि गाठ लागलेल्या स्त्रीची पुढील चाचणी एक दिवसही अडू नये. तिसरी, प्रत्येक घरभेटीत स्त्रीला तो एक प्रश्न विचारला जावा.

तिसरे काम शासनाची वाट न पाहता आजच सुरू करता येईल. परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून परगावच्या रुग्णांना आसरा देत आली आहे. कोरोनात स्वयंसेवक जिवावर उदार होऊन वस्त्यांत उतरले. राष्ट्र सेविका समितीच्या सेविकांना तर घराच्या स्वयंपाकघरापर्यंत मोकळा प्रवेश आहे. जिथे पुरुष कार्यकर्त्याची जीभ अडखळते, तिथे सेविकेचा एक आपुलकीचा शब्द पुरतो. तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकेनेच करायची. तिच्यापर्यंत घरातल्या स्त्रीला हाताला धरून नेण्याचे काम आपले.

विषाणू येतील आणि जातील. पण ‘साथ ओसरल्यावर पाहू’ म्हणून जिला परत पाठवले, ती साथ ओसरेपर्यंत असेलच, याची हमी कोणाकडे आहे?